चेहऱ्यावरचे भाव : उपजत की शिकलेले?

तिसरीच्या वर्गातली गोष्ट. एका मुलाने गृहपाठ केला नव्हता. मी रागावले, तर तो हसला. मला वाटलं, हा आपल्याला जुमानत नाही. मी आवाज चढवला, तसं त्याचं हसू आणखी रुंद झालं. मधल्या सुट्टीत तोच मुलगा पाण्याच्या टाकीमागे रडताना दिसला. म्हणजे तो घाबरला होता. मग चेहऱ्यावर हसू का आलं? चेहऱ्याचे भाव आपण जन्मतः घेऊन येतो की बघून बघून शिकतो?

उपजत भाव

चार्ल्स डार्विनने १८७२ साली माणूस आणि प्राणी भावना कशा व्यक्त करतात यावर पुस्तक लिहिलं. मुख्य भाव वारशाने येतात, असं त्याचं म्हणणं होतं. नवजात बाळाच्या जिभेला कडू लागलं की ते तोंड वाकडं करतं. त्याला हे कुणी शिकवलेलं नसतं. जन्मांध मुलांनी कुणाचंच हसू पाहिलेलं नसतं, तरी ती हसतात. २००४ मध्ये अथेन्सला झालेल्या स्पर्धांमधले जन्मांध आणि डोळस ज्युडो खेळाडू अभ्यासकांनी तपासले. जिंकल्या-हरल्यावर दोघांच्याही चेहऱ्याचे तेच स्नायू हलत होते.

१९६० च्या दशकाच्या शेवटी पॉल एकमन पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांकडे गेले. बाहेरच्या जगाशी या लोकांचा फारसा संबंध आलेला नव्हता. छोटी गोष्ट सांगून तिला जुळणारा फोटो निवडायला सांगितलं, तेव्हा बहुतेकांनी आनंद, दुःख, राग बरोबर ओळखले. भीती आणि आश्चर्य यांत मात्र गोंधळ झाला.

शिकलेले भाव

पण गोष्ट इथेच संपत नाही. त्याच भागातल्या ट्रोब्रिअंड बेटांवरच्या किशोरवयीन मुलांना डोळे विस्फारलेला, तोंड उघडं असलेला फोटो दाखवला. आपण ज्याला घाबरलेला चेहरा म्हणतो, तो त्यांच्यातल्या अनेकांना धमकावणारा वाटला. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

शिवाय भाव कुठे दाखवायचा आणि कुठे गिळायचा, हे घरच शिकवतं. "पाहुण्यांसमोर तोंड पाडून बसू नकोस", "मुलगा असून रडतोस काय?" ही वाक्यं आपण सगळ्यांनीच ऐकली आहेत. दोन-तीन वर्षांचं मूल नावडता खाऊ मिळाला की लगेच नाक मुरडतं. आठ-नऊ वर्षांचं मूल तोच खाऊ हसून घेतं.

प्राण्यांचं काय?

माकडाने दात दाखवले की मुलं म्हणतात, "ते बघा, हसतंय!" पण रीसस जातीचं दुबळं माकड बलवान माकडासमोर दात विचकतं, तेव्हा 'मी भांडत नाही, मला मारू नको' असा त्याचा अर्थ असतो. चिंपांझी खेळताना तोंड सैल उघडतात. तो चेहरा आपल्या खऱ्या हसण्याला जास्त जवळचा आहे. कुत्र्यांमध्ये भुवईची आतली बाजू उचलणारा एक स्नायू असतो. लांडग्यांमध्ये तो नीट विकसित झालेला नसतो, असं २०१९ च्या एका अभ्यासात दिसलं. माणसाच्या सहवासात हजारो वर्षं राहिल्याने हा फरक पडला असावा, असं संशोधकांना वाटतं.

प्राण्यांनाही शिकावं लागतंच. एकट्याने वाढवलेल्या रीसस माकडांना इतर माकडांच्या चेहऱ्यावरचे संकेत नीट ओळखता येत नव्हते. चेहरा जन्मतः मिळाला होता, तो वाचायला मात्र सोबत हवी होती.

मग उत्तर काय?

दोन्ही. भावांची मुळाक्षरं आपण जन्मतः आणतो. ती कधी, कुणासमोर, किती वापरायची हे घर, गाव आणि शाळा शिकवते.

म्हणूनच एका नजरेत चेहरा वाचायला गेलं की आपण फसतो. माझ्या वर्गातला तो मुलगा दात दाखवत होता, आणि मी त्याला उद्धट ठरवून मोकळी झाले. आता रागावताना एखादं मूल हसलं तर मी थांबते, त्याच्या शेजारी बसते आणि विचारते, "काय झालं रे?" बऱ्याचदा हसू लगेच मावळतं, आणि मग ते खरं काय ते सांगू लागतं.