तीन बोटी, एक दोर
लेखमाला : दर्यापार (भाग ५)

अर्नेस्ट शॅकल्टनचं 'एन्ड्युरन्स' जहाज वेडेल समुद्राच्या बर्फात चिरडलं आणि २१ नोव्हेंबर १९१५ रोजी बुडालं, इथवर मागच्या भागात आपण आलो होतो. जहाजावरची २८ माणसं त्यानंतर तरंगत्या बर्फावर तंबू ठोकून राहिली. वेडेल समुद्रातला प्रवाह घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो आणि अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या कडेकडेने बर्फ उत्तरेला ढकलत नेतो. शॅकल्टनची सारी भिस्त या प्रवाहावर होती. फारसं न चालता माणसं महिनोन्‌महिने उत्तरेकडे सरकत होती. पण जितकं उत्तरेला जावं तितकं पाणी उबदार होतं, आणि खुल्या महासागराची उसळण बर्फाखालून आत शिरू लागते. ज्या लादीवर तंबू होते ती झिजत गेली, तुटत गेली. ९ एप्रिल १९१६ रोजी ती तळाच्या मधोमध फाटली. दुपारी तीन बोटी पाण्यात उतरवण्यात आल्या.

या मोहिमेचा विषय निघाला की बहुतेकांना 'जेम्स केअर्ड' या एका बोटीने सहा जणांनी केलेला पुढचा, सुमारे ८०० मैलांचा प्रवास आठवतो. तो अचाट होताच. तरी या लेखकाच्या मते त्याआधीचे सात दिवस अधिक अवघड होते आणि त्यांची म्हणावी तशी दखल घेतली गेलेली नाही. एक चांगली बोट निवडक माणसांनी चालवणं वेगळं, आणि तीन असमान बोटी, त्यांत धडधाकट, आजारी, भेदरलेली अशी सगळी माणसं घेऊन एकत्र ठेवणं वेगळं.

आधी बोटींची ओळख करून घेऊ. सर्वांत मोठी 'जेम्स केअर्ड', साडेबावीस फूट लांब. डंडी शहरातल्या ज्या ताग-कारखानदाराने मोहिमेला मोठी देणगी दिली, त्याचं नाव तिला दिलेलं होतं. डंडीच्या गिरण्या बंगालच्या तागावर चालत, तेव्हा या बोटीच्या पैशांत आपल्याकडच्या शेतातला थोडा घाम मिसळलेला आहे असं म्हणायला हरकत नाही. दुसरी 'डडली डॉकर', तिसरी 'स्टॅनकॉम विल्स'. हीही देणगीदारांचीच नावं. हॅरी मॅकनिश या सुताराने बर्फावरच्या मुक्कामात केअर्ड आणि डॉकरच्या कडा फळ्या ठोकून उंच केल्या होत्या. विल्सच्या वाट्याला ते आलं नाही. ती लहान, तिचं शीडही तोकडं. तीन बोटींचा ताफा तिच्याच वेगाने जाणार होता.

आकाराची कल्पना यावी म्हणून आपल्याकडचं एक उदाहरण. गोव्यात बांधलेल्या 'तारिणी'ने भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन जानेवारी २०१८ मध्ये याच दक्षिण महासागरातून केप हॉर्नला वळसा घातला. तारिणी ५५ फुटी आहे. तिला बंद केबिन आहे, उपग्रहाशी संपर्क आहे. तरीही ते मोठं धाडस मानलं गेलं, आणि ते होतंच. शॅकल्टनच्या तिन्ही बोटी उघड्या होत्या.

पहिल्याच रात्री ताफ्यावर संकट आलं. अंधारात बोटी चालवणं अशक्य, म्हणून त्या एका बर्फाच्या लादीवर ओढून तंबू उभारले. रात्री शॅकल्टनला चैन पडेना, तो बाहेर आला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत लादी एका तंबूखालून फाटली. अर्नेस्ट होलनेस हा खलाशी झोपायच्या पिशवीसकट पाण्यात गेला. शॅकल्टनने पिशवी धरून त्याला एका हिसक्यात वर ओढलं. काही क्षणांत बर्फाच्या दोन्ही कडा एकमेकींवर आदळून मिटल्या. फट पुन्हा उघडली. माणसं आणि बोटी पलीकडे नेता नेता शेवटी शॅकल्टन एकटाच अलीकडच्या तुकड्यावर राहिला आणि अंधारात दूर जाऊ लागला. त्याला आणायला 'स्टॅनकॉम विल्स' पाण्यात टाकावी लागली. होलनेसला द्यायला कोरडे कपडे नव्हते. त्याला उजाडेपर्यंत चालतं ठेवण्यात आलं, आणि तो हळहळला तो पाण्यात गेलेल्या तंबाखूसाठी.

पुढचा प्रश्न होता, बर्फात राहायचं की बाहेर पडायचं? विखुरलेला बर्फ लाटा दाबून टाकतो. त्याच्या आत पाणी शांत असतं, म्हणून बर्फात असताना बोटीला लाटांचं भय कमी. पण दोन लाद्यांमध्ये सापडली तर ती अंड्याच्या कवचासारखी फुटते. बाहेर खुल्या समुद्रात चिरडण्याचं भय नाही, पण तिथे वाऱ्याला हजारो मैल मोकळं रान असतं आणि लाटा त्या प्रमाणात मोठ्या. १० एप्रिलला तिन्ही बोटी बर्फाच्या बाहेर पडल्या. सामानाने लादलेल्या बोटींत पाणी येऊ लागलं, वर गारठवणारा पाऊस-बर्फ. शॅकल्टनने ताफा पुन्हा बर्फाच्या आत घेतला. घासून घासून मिळवलेले मैल सोडून देण्याचा हा निर्णय सोबतच्या माणसांना किती जड गेला असेल याची कल्पना करता येते. तो बरोबर होता.

त्याहून मोठा धक्का १२ एप्रिलला बसला. ढग फाटले आणि 'एन्ड्युरन्स'चा कप्तान फ्रँक वर्स्ली याला सूर्याची उंची मोजता आली. तीन दिवस सगळ्यांची समजूत होती की आपण पश्चिमेकडे चांगलं अंतर कापलं. गणित सांगत होतं की ते निघाल्या जागेच्या ३० मैल पूर्वेला होते. असं कसं झालं? प्रवाह पाणी, बर्फ आणि बोटी सगळ्यांना एकाच वेळी घेऊन जातो. बोटीत बसलेल्याला शेजारचा बर्फ मागे सरकताना दिसतो, वल्ह्याखालचं पाणी मागे जाताना दिसतं, म्हणून आपण पुढे चाललो याबद्दल त्याला तिळमात्र शंका येत नाही. किनारा दिसत नसेल तर ही फसगत उघडी पाडायला सूर्य किंवा तारे यांशिवाय दुसरं काही साधन तेव्हा नव्हतं. शॅकल्टनने इतरांना फक्त एवढंच सांगितलं की अपेक्षेइतकी मजल झालेली नाही. एका दृष्टीने ही लपवाछपवीच. पण वल्हं मारणाऱ्या हातांत शेवटचं बळ उरलेलं असताना तो आकडा सांगून काहीच साधलं नसतं.

जायचं कुठे, हेही दर दिवशी बदलत होतं. आधी क्लॅरेन्स किंवा एलिफंट बेट, मग पश्चिमेचं किंग जॉर्ज बेट, मग द्वीपकल्पाच्या टोकावरचा होप उपसागर, आणि वारा फिरल्यावर १३ तारखेला पुन्हा एलिफंट बेट. हा धरसोडपणा नव्हता. लहान शिडांच्या, लादलेल्या बोटींना वाऱ्याच्या तोंडावर जाता येत नाही. वारा जिकडे नेईल त्यातलं सर्वांत सोयीचं बंदर निवडणं एवढंच हाती असतं.

त्या दिवशी बोटी बर्फातून बाहेर पडून खऱ्या महासागरात आल्या. घाईत एक चूक झाली होती: पिण्यासाठी वितळवायला बर्फ बरोबर घेतलेला नव्हता. इतके दिवस हात लांबवला की बर्फ मिळत होता. आता चोहीकडे फक्त खारं पाणी. माणसांनी सीलचं कच्चं मांस चघळून त्यातलं रक्त गिळलं. मांसावर समुद्राचं पाणी उडालेलं असल्याने तहान पुन्हा भडकायची. लाटांचे तुषार बोटींवर पडताक्षणी गोठत होते. वरच्या भागावर असा बर्फ साचत गेला की बोट वरून जड होते आणि एखाद्या लाटेला कलंडते. म्हणून तो सतत फोडून टाकावा लागे. गोठलेल्या वल्ह्यांवर हात ठरत नसत.

रात्री तिन्ही बोटी एकामागे एक दोरांनी बांधल्या गेल्या. डॉकरने वल्ही एकत्र बांधून समुद्री नांगर केला. हा नांगर तळाला पोचत नाही. तो पाण्यात ओढला जात असताना बोटीला मागे धरून ठेवतो, त्यामुळे तिचं तोंड लाटेकडे राहतं. आडवी झालेली बोट लाट भरून घेते, तोंडावर असलेली लाटेवर चढते. एवढाच फरक, आणि त्यावर २८ जीव.

बोटी एकमेकींना दुरावल्या की काय होतं, याची एक जुनी गोष्ट इथे सांगणं जरूर आहे. २० नोव्हेंबर १८२० रोजी प्रशांत महासागरात 'एसेक्स' या देवमाशांच्या शिकारीच्या जहाजाला एका प्रचंड स्पर्म व्हेलने धडक देऊन बुडवलं. वीस माणसं तीन बोटींत उतरली. नंतर तिघे हेंडरसन बेटावर मागे राहिले आणि तीन बोटी पुढे निघाल्या. १२ जानेवारी १८२१ च्या वादळी रात्री पहिला अधिकारी ओवेन चेसची बोट बाकीच्या दोघींना दुरावली. जानेवारीच्या अखेरीला उरलेल्या दोन बोटीही एकमेकींना हरवून बसल्या. त्यांतली एक, तीन माणसांसह, पुन्हा कोणालाच सापडली नाही. वीसपैकी आठ जण वाचले, त्यांत बेटावरचे तिघे. हर्मन मेलव्हिलच्या 'मोबी डिक' (१८५१) या कादंबरीमागे ही घटना आहे.

तिथे निष्काळजीपणा होता असं नाही. लहान बोटीत बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून जेमतेम दीड मीटर उंच असतात. सपाट समुद्रावरसुद्धा त्याचं क्षितिज साडेचार किलोमीटरच्या आत संपतं. लाटा उठल्या की दोन लाटांमधल्या खळग्यात शंभर हातांवरची बोटही दिसत नाही, आणि रात्री तर तीही आशा नाही. दोन बोटी वेगळ्या व्हायला एक झोत पुरतो, एक डुलकी पुरते.

म्हणून शॅकल्टनचा हुकूम स्पष्ट होता : तिन्ही बोटींनी एकत्र राहायचं. १४ एप्रिलला पहाटे एलिफंट बेट समोर उभं दिसलं, वर्स्लीने सांगितलं होतं अगदी त्याच दिशेला. सुमारे तीस मैल. दिवसभर वल्हवूनही उलट्या प्रवाहामुळे ते जवळ येईना. संध्याकाळी वारा वादळी झाला. विल्स मागे पडत होती, तिच्यात गुडघाभर पाणी, ह्युबर्ट हडसन सुकाणूवर गळून गेलेला आणि टॉम क्रीन तिला सांभाळतोय. शॅकल्टनने तिला दोराने केअर्डच्या मागे बांधलं. त्या रात्री तो केअर्डच्या मागच्या टोकाला बसून राहिला, हात त्या बर्फाने जाड झालेल्या दोरावर. लाटेत विल्स नाहीशी व्हायची, दोर ताणला जायचा, मग ती काळ्या पाण्यातून वर यायची. दोर तुटला असता तर वाऱ्याविरुद्ध तिला परत गाठणं केअर्डला शक्य नव्हतं, आणि हे दोन्ही बोटींतल्या जाणत्या खलाशांना माहीत होतं.

वर्स्लीची डॉकर त्याच संध्याकाळी, नजरेआड न होण्याच्या अटीवर, उतरण्याची जागा शोधायला पुढे गेली आणि झोडपत्या वाऱ्यात हरवली. शॅकल्टनने होकायंत्राचा दिवा शिडामागे धरून खूण केली. वर्स्लीला ती दिसली. त्याने तंबूच्या कापडाखाली मेणबत्ती पेटवून उत्तर दिलं. ते मात्र केअर्डवर कोणाला दिसलं नाही. रात्रभर शॅकल्टनचा समज होता की एक बोट गेली. वर्स्लीला झोप माहीत नव्हती. सुकाणूवरून उठवलं तेव्हा त्याचं शरीर वाकलेलंच राहिलं, दुसऱ्यांना ते चोळून सरळ करावं लागलं.

१५ एप्रिलच्या सकाळी केअर्ड आणि विल्स बेटाच्या केप व्हॅलेंटाइन या टोकाखाली आल्या. हिमनदीतून पडलेले बर्फाचे तुकडे पाण्यात तरंगत होते; माणसांनी ते ओढून घेऊन चोखले. खडकांमधून एक अरुंद किनारा दिसला. तेवढ्यात डॉकर येताना दिसली. ज्या बोटीला आणण्यासाठी सगळ्यांनी जीव टाकला ती विल्सच आता खडकांत वळायला सोयीची ठरली. शॅकल्टन तिच्यात उतरला आणि ती सर्वांत आधी किनाऱ्याला लागली. पहिलं पाऊल ठेवण्याचा मान त्याने पर्स ब्लॅकबरोला दिला. जहाजात लपून चढलेला हा मोहिमेतला सर्वांत लहान पोरगा. त्याचे पाय हिमदंशाने निकामी झाले होते याचा त्या घाईत विसर पडला, आणि तो फेसाळत्या पाण्यातच बसला. पुढे १५ जूनला त्याच बेटावर, क्लोरोफॉर्म देऊन, त्याच्या डाव्या पायाची बोटं कापावी लागली. एकूण ४९७ दिवसांनी या माणसांच्या पायांखाली जमीन आली होती. २८ जण निघाले, २८ पोचले.

पण एलिफंट बेटाकडे कोणतंच जहाज येत नसे. केप व्हॅलेंटाइनचा किनारा भरतीला बुडणारा, म्हणून १७ तारखेला सगळे सात मैल पश्चिमेला, पुढे 'पॉइंट वाइल्ड' नाव पडलेल्या खडकाळ जागी गेले. २४ एप्रिलला सहा जण केअर्ड घेऊन मदतीसाठी निघाले. उरलेल्या २२ जणांनी डॉकर आणि विल्स उलट्या घालून त्यांचं छप्पर केलं, आणि ३० ऑगस्ट १९१६ रोजी चिलीच्या लुईस पार्दोची 'येल्चो' बोट येईपर्यंत ते त्याखाली राहिले. 'जेम्स केअर्ड' लंडनच्या डलिच कॉलेजमध्ये, शॅकल्टनच्या शाळेत, आजही पाहायला मिळते. तिच्या दक्षिण जॉर्जियापर्यंतच्या प्रवासाची हकीकत पुढच्या आठवड्यात.