जंतूंनीं घडविलेलें मानवी विकर

शरीरांतील रासायनिक घडामोडी त्वरित घडवून आणणारीं प्रथिनें म्हणजे विकरें. यकृतांतील फेनिलॲलनिन हायड्रॉक्सिलेज हें असेंच एक विकर. अन्नांतून येणाऱ्या फेनिलॲलनिनचें तें टायरोसिन बनवितें. जन्मतःच तें निकामी असलें, तर फेनिलॲलनिन रक्तांत सांचतें व उपचारांवांचून बालकाची बुद्धि खुंटते. हा विकार नॉर्वेच्या डॉ. अस्ब्यॉर्न फोलिंग यांनीं १९३४ सालीं ओळखिला.

परंतु अभ्यासासाठीं मानवी यकृत वारंवार कोठून आणावें? ही अडचण आतां दूर झाली आहे. या विकराच्या मानवी जनुकाची प्रत इ. कोलाय जंतूंत घातली, कीं जंतु तेंच विकर तयार करितात. जंतु फोडून तें वेगळें काढितात व शुद्ध करितात. त्याच्या ४५२ अमिनो आम्लांच्या सांखळींत रुग्णांत आढळलेला एखादा दोष मुद्दाम घालूनही पाहतां येतो.

त्यावरून असें दिसून आलें, कीं पुष्कळ दोषांत विकराची शक्ति समूळ नष्ट होत नाहीं. सांखळीची घडी नीट बसत नाहीं, म्हणून तें लवकर मोडतें. अशा कांहीं रुग्णांस सॅप्रोप्टेरिन या औषधानें गुण येतो; इतरांस दूध, डाळी, मांस यांचें कडक पथ्यच मुख्य आधार. जंतूंनीं घडविलेलें हें विकर स्वतः औषध नव्हे. परंतु कोणत्या बालकास काय उपयोगी पडेल, हें समजण्यास त्याची मदत झाली.