पोटातला विनातिकीट प्रवासी

गोंदिया ते अर्जुनी मोरगाव या रस्त्यावर मी बरीच वर्षं एसटीत कंडक्टर होतो. प्रत्येक स्टॉपवर संडास कुठं आहे हे मला भाड्याच्या टप्प्यांपेक्षा पक्कं पाठ होतं. गोरेगावपर्यंत पोटानं साथ दिली तर कोहमाऱ्यापर्यंतची आशा. कोहमारा माझं गाव. आमचा रस्ता नागपूर-रायपूर महामार्गाला इथंच छेदतो. पूर्वीचा सहा नंबर, आताचा ५३. चौकात उतरलो की प्रवाशांआधी मीच पळायचो.

सकाळी पोट फुगायचं, कळ यायची, कधी जुलाब तर कधी चार दिवस काहीच नाही. कुणी म्हणे जंत, कुणी म्हणे गॅस. शेवटी डॉक्टरांनी रक्त, थायरॉइड, शौच असं सगळं तपासलं. गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणाऱ्या सीलिअक रोगाची तपासणीही केली. ती गहू सोडण्याआधीच करायची असते, कारण गहू बंद केल्यावर रक्तात खूण सापडेलच असं नाही. शौचात रक्त, घटणारं वजन, रक्तक्षय किंवा रात्री झोपेतून उठवणारे जुलाब असते, तर तपास आणखी पुढं गेला असता. माझं निदान निघालं आयबीएस. आतड्याला जखम नाही, पण ते फार हळवं झालेलं.

मग पथ्य आलं. नाव लो-फोडमॅप, म्हणजे फोडमॅप नावाच्या शर्करा कमी असलेलं. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या पीटर गिब्सन आणि सू शेफर्ड यांनी २००५च्या सुमारास ते मांडलं. काही शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या पाणी ओढून घेतात, पुढं मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांना आंबवतात आणि वायू होतो. हे सगळ्यांच्याच पोटात घडतं. हळव्या आतड्याला मात्र तेवढा ताणही कळ होऊन जाणवतो. या शर्करा असतात कांद्यात, लसणात, गव्हात, तूर-चण्यात, दुधात, आंब्यात, मधात, फ्लॉवरमध्ये. म्हणजे आमच्या ताटात मीठ सोडून राहिलं काय?

माय म्हणाली, "कांदा नाही, लसूण नाही. जैन झाला का रे तू?"

पण यादी उलटी वाचली तेव्हा धीर आला. तांदूळ चालतो, आणि आमचा जिल्हा धानाचाच. मासोळीत या शर्करा नसतातच, आणि कोहळी समाजानं बांधलेल्या तलावांच्या या मुलखात मासोळीला काय तोटा? वांगं, भेंडी, काकडी, गाजर, बटाटा, संत्रं चालतं. सकाळी मायच्या हातची तांदळाची पेज, दुपारी भात आणि हळद-टमाट्याचा मासोळीचा रस्सा, रात्री तांदळाची भाकर. महागडं पाकीट एकही आणलं नाही.

अडचण फोडणीची होती. लसणातली ती शर्करा पाण्यात उतरते, तेलात उतरत नाही. म्हणून घरी रोज लसूण तेलात तळून पाकळ्या काढून टाकायचे आणि त्याच तेलात मोहरी घालायचे. हिंगानं घात केला. बांधणी हिंगात बहुधा पीठ असतं, अनेकदा मैदाच. डबीवरची बारीक अक्षरं मी उशिरा वाचली. चहाही तसाच. अर्धा कप चहातल्या दुधानं काही होत नाही, पण ड्युटीवर असे सात-आठ अर्धे कप व्हायचे. पोट त्यांची बेरीज करत होतं.

तिसऱ्या आठवड्यात पोट शांत झालं आणि मी मोठी चूक केली. बरं वाटतंय तर असंच चालू देऊ, असं ठरवलं. डॉक्टर रागावले. हे पथ्य आतडं बरं करत नाही, फक्त त्रास थांबवतं, आणि तोही सगळ्यांचा नाही. कडक टप्पा दोन ते सहा आठवड्यांचा. तो लांबवला तर आपल्या कामाचे जिवाणू उपाशी राहतात, तंतू आणि कॅल्शियम कमी पडतं, माणूस पंगतीला भिऊ लागतो.

दुसरा टप्पा माझ्या ओळखीचा निघाला. बाजाराच्या दिवशी गाडीत एकदम साठ माणसं घुसली की विनातिकीट कोण, हे देवालाही कळत नाही. एकेक चढवला की कळतं. तसाच एकेक पदार्थ पोटात चढवायचा. पहिल्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी जास्त, तिसऱ्या दिवशी नेहमीइतका. बाकी जेवण पथ्याचंच. मग दोन-तीन दिवस मोकळे ठेवून पुढचा पदार्थ. आयुर्वेदातही शोधनानंतर पेया, मग विलेपी, मग यूष असा चढता क्रम आहे. त्याचा हेतू वेगळा, पण धीर तोच. मी जुन्या वे-बिलासारखे रकाने आखले: पदार्थ, किती, केव्हा, पोट कसं.

दोन महिन्यांत वहीनं सांगितलं, ते कुणाच्या यादीत नव्हतं. दोन पोळ्या चालतात, चौथी नाही. तुरीचं वरण अर्धी वाटी चालतं. दुधाचे दोन चहा चालतात. आंब्याची एक फोड चालते, अख्खा आंबा रात्र जागवतो. कांद्यानं मात्र पहिल्याच दिवशी आडवं केलं. माझ्यासारख्याच दुखण्याच्या शेजाऱ्याला कांदा पचतो आणि दूध पचत नाही. म्हणून माझी वही त्याच्या कामाची नाही. तिसरा टप्पा हाच. चालतं ते सगळं खायचं, नडतं तेवढंच आवरायचं.

पोटाची सहनशक्ती बदलत असते, म्हणून अधूनमधून मी कांद्याची पुन्हा परीक्षा घेतो. मागच्या महिन्यात अर्धा चमचा शिजवलेला कांदा खाल्ला. दोन दिवस वाट पाहिली, काही झालं नाही. मायनं विचारलं, "मंग, आता भाजीत टाकू का?"

म्हटलं, थांब. सध्या हाफ तिकीट फाडलंय.