पाणवठ्यावरची चौकशी
(रोजचं भान : लेखांक ५)

सकाळी सहाला नळाला पाणी येतं, सातला जातं. त्यात मी डोळे मिटून बसू केव्हा? आनापानावरचा, म्हणजे श्वासाच्या ध्यानावरचा, गेला लेखांक वाचून एका वाचक बाईंनी असं विचारलं. प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर बुद्धांच्या सतिपट्ठान सुत्तातच आहे.

मज्झिम निकायातलं हे दहावं सुत्त श्वासापासून सुरू होतं खरं, पण तिथेच थांबत नाही. पाठोपाठ चालणं, उभं राहणं, बसणं, आडवं होणं येतं, आणि मग संपजञ्ञाचा भाग. जाता-येताना, वळून बघताना, हातपाय आखडता-पसरताना, चीवर पांघरताना, घास चावताना, बोलताना, गप्प राहताना आपलं काय चाललंय ते आपल्याला नीट ठाऊक असावं. शौचाला जाणंही या यादीत आहे. (सतिपट्ठानातला पाली शब्द ‘सति’, म्हणजे संस्कृतातली स्मृती. मराठी कानाला त्यात भलतंच ऐकू येतं, म्हणून मी ‘भान’ म्हणते.)

हे सुत्त सांगितलं गेलं कुरुदेशात, म्हणजे आजच्या दिल्ली-हरियाणाच्या बाजूला. पाचव्या शतकातल्या बुद्धघोषांच्या अट्ठकथेत, म्हणजे सुत्तावरच्या टीकेत, तिथल्या लोकांचं मोठं गमतीचं वर्णन आहे. पाणवठ्यावर, सूत कातायच्या जागी बायका एकमेकींना विचारत, तुझं कोणतं सतिपट्ठान चाललंय, म्हणजे भान कशावर ठेवतेस? कोणतंच नाही म्हणणारीची आधी खरडपट्टी निघे, मग तिथल्या तिथे तिला एखादं शिकवलं जाई. भिक्षुणींच्या विहारातला एक पोपटसुद्धा म्हणे हाडांचं ध्यान करायचा. पोपटाचं सोडा. पण कथा सांगणाऱ्याला भान शोधायला पाणवठ्यावर जावंसं वाटलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मी स्वतः हे पाणी भरतानाच शिकले. हंडा नळाखाली लावला की आधी आवाज खोल येतो, मग चढत जातो, पाणी गळ्याशी आलं की एकदम बारीक होतो. तेवढं ऐकायचं. सुरुवातीला मला अर्धा हंडाही जमला नाही. मध्येच ध्यानात यायचं, की आपण मनातल्या मनात जावेशी भांडतोय आणि पाणी केव्हाचं वरून वाहतंय. पण हे ध्यानात येणं, तेच भान. भांडण थांबलंच पाहिजे असं नाही. ते चाललंय हे कळलं, की परत आवाजाकडे यायचं. कामं मुद्दाम संथ करायचीही गरज नाही. सातला पाणी जाणारच आहे.

तर बाई, उद्या एकच हंडा असा भरून बघा. बाकीचे नेहमीसारखे भरा. पुढच्या आठवड्यात वेदनानुपस्सनेकडे, म्हणजे सुखदुःखाच्या संवेदनांवरच्या भानाकडे, वळू. तोवर किती हंडे वाहून गेले, ते जरूर कळवा.