आधी तिथी, मग समुद्र

आम्ही घाटावरचे लोक. आमची विहीर वर्षातून एकदा भरते. समुद्र मात्र दिवसातून दोनदा भरतो आणि दोनदा ओसरतो. भरणे म्हणजे भरती. ओसरणे म्हणजे ओहोटी. हे आम्ही अलिबागला पाहिले.

अलिबाग हे रायगड जिल्ह्यातले समुद्रकाठचे जुने गाव. तिथे सुरूच्या बनात आम्ही राहुट्या ठोकल्या. समोर पाण्यात कुलाबा किल्ला. सकाळी पाणी ओसरले. लोक वाळूवरून चालत किल्ल्यावर निघाले. आम्हीही निघालो.

वाटेत एक कोळी आजोबा भेटले. ते म्हणाले, "आज चतुर्थी. नऊला पुरी ओहोटी. दहाच्या आत परत फिरा. उशीर झाला तर किल्ल्यातच थांबा. पाण्यात उतरू नका."

शिवाजी महाराजांनी १६८० साली हा किल्ला बांधायला घेतला. पुढे कान्होजी आंग्र्यांचे आरमार इथे असे. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले, पण किल्ला हाती लागला नाही. तटाचे मोठे दगड चुन्याशिवाय रचले आहेत. लाटेचे पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर मोडतो. चहूकडे खारे पाणी, पण आत गोड्या पाण्याचा तलाव आहे!

पाहता पाहता साडेदहा झाले. आम्ही आजोबांचे ऐकले नाही. निघालो, तर मधेच पाणी गुडघ्याच्या वर आले. पायाखालची वाळू सरकू लागली. मुलांना खांद्यावर घेऊन कसेबसे काठ गाठला. सगळ्यांची तोंडे उतरली होती.

संध्याकाळी आजोबांनी हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करा. चार पाऊण तीन. म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास पुरी भरती, पहाटे आणि दुपारी. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजा. हा अंदाज आहे. वेळ थोडी पुढेमागे होते.

असे का होते? चंद्र समुद्राचे पाणी ओढतो. सूर्यही ओढतो. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघांची ओढ एक होते. तेव्हा पाणी फार चढते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास भरती लहान असते. तिला भांगाची भरती म्हणतात. चंद्र रोज उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते.

तुम्ही समुद्रावर जाल तेव्हा आधी तिथी पाहा. मग काठच्या माणसाला विचारा. आणि तो सांगेल ते ऐका.