‘वयाप्रमाणे आहे, काळजी नको’

मेंदूच्या एमआरआयचा रिपोर्ट घरी आला की सगळे आधी शेवटचा परिच्छेद वाचतात. गाठ नाही, रक्तस्राव नाही, ताजा झटका नाही. झालं, फाइल कपाटात. त्या परिच्छेदाच्या वर एक ओळ असते, तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही: ‘क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस, फाझेकास ग्रेड टू’. कुणी चौकशी केलीच तर उत्तर ठरलेलं, वयाप्रमाणे आहे, काळजी नको.

ठाण्याच्या वर्तकनगरात ही ओळ घरोघरच्या फायलींत सापडेल. म्हाडाच्या जुन्या इमारतींत आणि त्यातल्या काहींच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांत साठी-सत्तरी पार केलेली माणसं पुष्कळ आहेत. कुणी रेमंडमध्ये उमेदीची वर्षं घालवली, कुणी वागळे इस्टेटमध्ये, कुणी पोलीस खात्यात. चक्कर आली, तोल गेला, डोकं दुखत राहिलं, म्हणून त्यांचा एमआरआय निघतो. ती ओळ त्यात आपसूक येते. वयाप्रमाणे आहे हे खरंच आहे. काळजी नको, हे मात्र निम्मंच खरं.

मेंदूचा जवळपास अर्धा भाग पांढऱ्या द्रव्याचा असतो. विचार करणाऱ्या पेशी वरच्या करड्या थरात, आणि त्यांना एकमेकींशी जोडणारे तंतू खाली, चरबीच्या वेष्टनात गुंडाळलेले. या वेष्टित तंतूंची एकूण लांबी डेन्मार्कच्या संशोधकांनी २००३ साली मोजली. विशीतल्या पुरुषाच्या मेंदूत ती सुमारे १ लाख ७६ हजार किलोमीटर भरली, ऐंशीव्या वर्षी सुमारे ९७ हजार. म्हणजे म्हातारपणी आपण पेशींपेक्षा तारा जास्त गमावतो.

या तारांना रक्त पुरवणाऱ्या धमन्या केसासारख्या बारीक आणि लांबलचक. मेंदूच्या पृष्ठभागावरून निघून त्या आत खोलवर जातात, आणि वाटेत त्यांना दुसरी वाट मिळत नाही. पाइपलाइनच्या टोकाला असलेल्या सोसायटीला पाण्याचं काय होतं हे ठाणेकरांना सांगायला नको. वर्षानुवर्षं रक्तदाब चढा राहिला की या नळ्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात, आतली पोकळी अरुंद होते. टोकाचा भाग अर्धपोटी राहतो. तंतूंचं वेष्टन झिजतं, तिथे पाणी साठतं, आणि १९९२ पासून वापरात आलेल्या ‘फ्लेअर’ नावाच्या एमआरआय पद्धतीत ते ठिकाण चकचकीत पांढरं उमटतं.

हा पांढरेपणा मोजायची सर्वांत रुळलेली पट्टी ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातले फ्रान्झ फाझेकास यांनी १९८७ साली सुचवली. पट्टी अगदी साधी. मेंदूच्या मधोमध पाण्याच्या पोकळ्या असतात, त्यांच्या कडेला पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक रेघ दिसली तर एक. तिचं गुळगुळीत वलय झालं तर दोन. ते वलय वेडंवाकडं होऊन खोल द्रव्यात शिरलं तर तीन. खोल भागाचा हिशेब वेगळा ठेवतात: सुटे ठिपके असतील तर एक, ठिपके एकमेकांना मिळू लागले तर दोन, आणि मिळून मोठा पट्टा झाला तर तीन. रेडिओलॉजिस्ट हे काही सेकंदांत नजरेनेच ठरवतो. म्हणूनच ‘ग्रेड टू’ या दोन शब्दांत मोजमाप कमी आणि अंदाज जास्त असतो.

मग प्रश्न असा की हे दिसल्यावर पुढचं काय सांगता येतं? नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या पाहणीत ६० ते ९० वयाच्या हजारावर लोकांचे स्कॅन काढले, तेव्हा पांढरा डाग अजिबात नाही अशी माणसं फक्त ५ टक्के निघाली. जे पंच्याण्णवांना आहे त्याला रोग म्हणायचं कसं? डॉक्टरांचं ‘वयाप्रमाणे’ इथून येतं. पण डाग असणं निराळं आणि किती आहेत हे निराळं. युरोपातल्या अकरा रुग्णालयांनी मिळून केलेल्या ‘लाडिस’ अभ्यासात ६५ ते ८४ वयाचे, स्वतःचं स्वतः करणारे ६३९ जण घेतले होते. परावलंबी होण्याचं किंवा दगावण्याचं वार्षिक प्रमाण सौम्य डाग असलेल्यांत १०.५ टक्के, मध्यम डागांत १५.१ आणि तीव्र डागांत २९.५ टक्के आढळलं. ग्रेड एक आणि ग्रेड तीन यांना एकाच ‘वयाप्रमाणे’मध्ये कोंबणं म्हणूनच बरोबर नाही.

आणखी एक गोष्ट घरच्यांच्या लक्षात येत नाही. हे डाग आधी स्मरणशक्ती खात नाहीत, वेग खातात. स्मृतिभ्रंश म्हटलं की आपल्याला नातवाचं नाव विसरलेले आजोबा आठवतात. इथे आजोबांना नाव, गाव, १९७४ सालचा पगारसुद्धा आठवतो. पण टीएमटीच्या बसमधून उतरताना पाय जागचा उचलला जात नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोघं एकदम बोलू लागले की ते गप्प होतात. मेथी निवडता निवडता फोन आला की निवडणं तसंच राहतं. पावलं आखूड पडू लागतात, लघवीची घाई होते, कशातच मन रमत नाही. घरात याला नावं पडतात: आळशीपणा, हट्ट, ‘हल्ली यांना काही सांगायची सोय नाही’. माझ्या ओळखीच्या एका घरात तर सासऱ्यांच्या या संथपणावरून वर्षभर धुसफूस चालली होती. रिपोर्ट मात्र कपाटातच होता.

या विषयातलं सगळ्यात चक्रावून टाकणारं प्रकरण मुंबईतलं आहे. बॉम्बे हॉस्पिटलचे डॉ. भीमसेन सिंघल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात अगरवाल समाजातल्या काही मुलांची नोंद केली. पहिल्या वर्षातच डोकं मोठं होतं. स्कॅन काढला तर पांढरं द्रव्य जवळपास सगळंच सुजलेलं आणि बिघडलेलं. हा फोटो पाहून कुणीही म्हणेल, हे मूल अंथरुणाला खिळलेलं असणार. प्रत्यक्षात ती मुलं चालत होती, बोलत होती. त्यांचा तोल आणि चाल बिघडायला पुढे कैक वर्षं गेली, आणि बुद्धी त्या फोटोच्या मानाने पुष्कळच शाबूत राहिली. याच सुमारास हॉलंडच्या मार्यो व्हान डेर क्नाप यांनीही हाच आजार वर्णन केला, आणि २००१ साली त्याचं ‘एमएलसी१’ हे जनुक सापडलं. हा जन्मजात आजार आहे, वर्तकनगरच्या काकांच्या डागांशी त्याचा संबंध नाही. पण तो एक गोष्ट डोळ्यांत अंजन घालून दाखवतो: फोटोतला पांढरेपणा आणि तंतूंची मोडतोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी साठलं तरी पांढरं दिसतं, तार तुटली तरी पांढरंच दिसतं.

तार तुटली की नाही हे पाहणारी पद्धत १९९४ मध्ये पीटर बासर आणि सहकाऱ्यांनी मांडली. तिचं नाव डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग, तोंडी ‘डीटीआय’. पाण्याचे रेणू धड तंतूंच्या कडेने लांबवर सरकतात, आडवे फारसे जात नाहीत. तंतू विस्कटले की ते वाट्टेल तिकडे पसरतात. ही दिशा मोजली की साध्या स्कॅनमध्ये ठीकठाक दिसणाऱ्या भागातलंही नुकसान उघडं पडतं. लंडनच्या सेंट जॉर्जेसमधल्या संशोधकांनी डीटीआयवरून संपूर्ण मेंदूसाठी एकच आकडा काढणारी संगणकीय पद्धत तयार केली. बारीक धमन्यांच्या आजाराने आधीच छोटा झटका येऊन गेलेले ९९ रुग्ण त्यांनी घेतले, तीन वर्षं दरवर्षी स्कॅन केले आणि पाच वर्षं बुद्धीच्या चाचण्या घेतल्या. त्या काळात १८ जणांना स्मृतिभ्रंश झाला, आणि त्यांचा आकडा इतरांपेक्षा सुरुवातीलाच वाईट होता, पुढे घसरलाही जास्त.

बातम्यांत याचं ‘स्कॅन सांगणार भविष्य’ झालं. माझ्या मते ते जरा जास्तच झालं. ९९ माणसं म्हणजे थोडीच, आणि ती आधीच आजारी होती. डीटीआयचे आकडे एका कंपनीच्या यंत्रावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे येतात. समूहाबद्दल खात्रीने बोलता येतं, समोरच्या एका माणसाबद्दल नाही. एका स्कॅनपेक्षा दोन स्कॅनमधला फरक जास्त बोलका असतो, आणि आपल्याकडे घर बदलताना रद्दीत जाणाऱ्या पहिल्या वस्तूंत जुन्या एमआरआयच्या फिल्मा असतात.

शिवाय भाकीत करायचं तर कशाचं, हेही ठरायला हवं. मुंबईत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत २४,४८८ लोकांत स्मृतिभ्रंश शोधला गेला, तेव्हा पासष्टीपुढच्या लोकांत तो २.४४ टक्के सापडला. देवनारच्या लोकसंख्या संस्थेने चालवलेल्या ‘लासी’ या देशव्यापी पाहणीला जोडून झालेल्या अभ्यासाने २०२३ मध्ये साठीपुढच्या भारतीयांसाठी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा आकडा दिला. दोन्हींच्या चाचण्या वेगळ्या, म्हणून रोग तिप्पट झाला असं म्हणता येणार नाही. पण चाचणी बदलली की आकडा किती हलतो हे दिसतं. स्कॅनला भाषा लागत नाही, चाचणीला लागते. आयसीएमआरने भारतीयांसाठी खास बनवलेला चाचण्यांचा पहिला संच हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळममध्ये आला. त्यात मराठी नव्हती. ‘मोका’ या परदेशी चाचणीची मराठी आवृत्ती आहे, पण आकडा-अक्षर-आकडा अशी रेघ जोडत जायला सांगितलेल्या चौथी शिकलेल्या आजींचा गोंधळ आजाराचा की शाळेचा, हे त्या कागदावरून ठरवणं अवघड.

या सगळ्यात हाताशी असलेली गोष्ट साधी आहे, आणि अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट’ चाचणीने ती दाखवून दिली. ९,३६१ जणांचे दोन गट केले. एकात वरचा रक्तदाब १२० च्या खाली आणायचा, दुसऱ्यात १४० च्या. सुमारे चार वर्षांत डाग दोन्ही गटांत वाढले, पण पहिल्यात ०.९२ घन सेंटिमीटरने आणि दुसऱ्यात १.४५ ने. सौम्य बौद्धिक घसरण १९ टक्क्यांनी कमी झाली. पूर्ण स्मृतिभ्रंशातही घट दिसली, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही, आणि हे त्या संशोधकांनी सरळ सांगितलं. डाग पुसता येत नाहीत. त्यांची चाल मंदावता येते.

महाराष्ट्रात हे काम २०१७ साली सुरू झालेल्या रक्तदाब नियंत्रण कार्यक्रमातून सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा इथल्या सरकारी दवाखान्यांत झालं: ठरलेली औषधं, महिन्याभराच्या गोळ्या एकदम, न येणाऱ्याचा पाठपुरावा. पहिल्या टप्प्यात ठाणे नव्हतं. इथे बीपीची गोळी बरं वाटलं की बंद होते आणि चक्कर आली की पुन्हा सुरू.

स्प्रिंटमध्ये मधुमेही आणि आधी झटका आलेले रुग्ण घेतले नव्हते, आणि वर्तकनगरातल्या ‘ग्रेड टू’ फायलींत नेमके तेच जास्त सापडतील. त्यांना १२० चा आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. म्हाताऱ्या, ताठ धमन्यांत दाब फार उतरला तर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि खुब्याचं हाड मोडतं. म्हणून डॉक्टर रक्तदाब बसून एकदा आणि उभं राहून एकदा मोजायला सांगतात. घरच्या यंत्रावर दुसरं मोजमाप सहसा कुणी घेत नाही.