रेसिंगचा पॉडकास्ट बंद झाला, मग जुने भाग कुठे जातात?

देवगिरी एक्स्प्रेसच्या गर्दीत ज्यांना कानात काही ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप.

कल्पना करा, दहा-बारा वर्षं दर सोमवारी येणारा मोटोजीपीचा पॉडकास्ट एके दिवशी म्हणतो, 'हा आमचा शेवटचा भाग.' आपल्याला वाटतं, ठीक आहे, नवं येणार नाही, पण जुनं तर आहेच ना! घोळ नेमका इथंच आहे.

आधी बंद का पडतो ते बघू. दरवेळी भांडणच झालेलं असतं असं नाही. वेळापत्रकच माणसाला दमवतं. २०२३ पासून मोटोजीपीत शनिवारीही छोटी शर्यत असते, तिला स्प्रिंट म्हणतात. २०२५ च्या मोसमात २२ ठिकाणी शर्यती होत्या, म्हणजे वर्षात ४४. शुक्रवारचा सराव बघायचा, शनिवार-रविवार टीव्हीसमोर, रात्री रेकॉर्डिंग, मग एडिटिंग. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणतो ना आपण, ती जर्मनीची शर्यत तरी आपल्याकडे संध्याकाळी लागते. अमेरिकेतली मध्यरात्रीनंतर. नोकरी सांभाळून, हौसेखातर हे किती वर्षं करणार?

आता मुद्दा. तुमच्या ॲपमध्ये दिसणारा भाग बहुतेक वेळा ॲपकडे नसतोच. पॉडकास्टवाल्याने तो कुठल्यातरी होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवर ठेवलेला असतो आणि त्याचं भाडं दर महिन्याला भरावं लागतं. सोबत एक फीड असते. ती म्हणजे साधी यादी: भागाचं नाव, तारीख, ऑडिओचा पत्ता. ॲप ही यादी वाचतं आणि तुम्ही प्ले दाबलं की त्या पत्त्यावरून आवाज आणून देतं. २०२४ मध्ये गूगल पॉडकास्ट्स हे ॲप बंद झालं, तेव्हा त्यावरचे कार्यक्रम बुडाले नाहीत. दुसरं ॲप घेतलं, की तेच भाग पुन्हा हजर. इथं उलटं होतं. ॲप शाबूत, पण भाडं थांबलं की त्या पत्त्यावर काहीच उरत नाही. कधी नावं दिसत राहतात आणि प्ले दाबलं की गोल चक्र फिरत बसतं.

परभणी आकाशवाणीवरचा कार्यक्रम एकदा लागला की गेला, हे आपल्या घरच्यांना माहीत होतं. पॉडकास्टचं मात्र आपण कायमचं धरून चालतो.

जाऊ दे ना, निकाल तर नेटवर सापडतातच, असं कुणी म्हणेल. सापडतात. २६ जून २०१६ ला नेदरलँड्समधल्या आसेनला मोटो३ ची शर्यत महिंद्राच्या गाडीने जिंकली, ही महिंद्राची त्या स्पर्धेतली पहिली जीत. चालवणारा फ्रान्चेस्को बान्याया. पुढे २०२२ आणि २०२३ ला तो मोटोजीपीचा जगज्जेता झाला. तक्त्यात एवढंच मिळेल. पण तो जगज्जेता होण्याआधी लोक त्याच्याबद्दल काय बोलत होते, भारतीय गाडीला किती गंभीरपणे घेत होते, हे त्या आठवड्याच्या गप्पांतच असतं. सप्टेंबर २०२३ ची ग्रेटर नोएडाची शर्यत घ्या. उकाड्यामुळे फेऱ्या कमी करून २१ केल्या आणि मार्को बेझेक्की जिंकला. २०२४ ची रद्द झाली. आपल्याकडे मोटोजीपी आली तेव्हा काय वातावरण होतं, हे पुढे कुणाला ऐकायचं असेल तर त्या एकाच आठवड्याचं बोलणं हाताशी आहे.

म्हणून आवडता पॉडकास्ट थांबतोय असं कळलं, की त्याच आठवड्यात कामाला लागा. ॲपमधल्या डाउनलोडवर विसंबू नका. ॲप काढलं की तेही जातं, काही ॲप्स तर ऐकून झालेला भाग आपोआप पुसतात. पॉडकास्टच्या वेबसाइटवर डाउनलोडचं बटण असेल तर ब्राउझरमधून एमपीथ्री फाइलच उतरवा. नेहमीच्या १२८ केबीपीएस दर्जात तासाभराचा भाग साधारण ५८ एमबी होतो. म्हणजे शंभर तास सहा जीबीच्या आत बसतात. रोजच्या पॅकमधला रात्री उरलेला डेटा यासाठीच वापरा. आणि हो, हे स्वतःला ऐकण्यापुरतं. दुसऱ्याची मेहनत टेलिग्रामवर टाकून ग्रुप वाढवू नका.

अजून एक करता येतं आणि ते फार थोडे लोक करतात. पॉडकास्टवाल्यांना मेल टाका. 'होस्टिंग बंद करण्याआधी सगळे भाग इंटरनेट अर्काइव्हवर ठेवाल का?' एवढं विचारा. तिथं ठेवायला पैसे लागत नाहीत. शेवटच्या भागानंतर त्यांच्याकडे निरोपाचे मेसेज भरपूर येतात, हे विचारणारा मात्र एखादाच असतो. तुमचं इंग्रजी कच्चं असलं तरी चालेल, दोन ओळी पुरतात.